नसांचं दुखणं आणि रात्रीची झोप: काय करायचं, कधी करायचं, कोणत्या क्रमाने

तळपायांची आग, कंबरेतून पोटरीपर्यंत जाणारी चमक, बोटांना मुंग्या, नागीण बरी होऊनही बरगडीवर मागे राहिलेली जळजळ. प्रकार वेगवेगळे, तक्रार मात्र एकच: "दिवसा निभावतं हो कसंबसं, रात्री पाठ टेकली की सुरू होतं." मग जे उपाय होतात त्यांचा क्रमही घरोघरी ठरलेला. साडेदहाला अंथरुणावर, अकराला बाम, बाराला शेक, एकला उरलेली एखादी गोळी आणि दोनला मोबाइल. यातली प्रत्येक गोष्ट उशिरा केलेली आहे आणि त्यातल्या दोन तर चक्क धोक्याच्या आहेत.

रात्री दुखणं वाढतं हा मनाचा खेळ नाही. दिवसभर कामात, बोलण्यात, रहदारीत गुंतलेलं लक्ष रात्री मोकळं होतं. शरीरातल्या कॉर्टिसोल या सूज आवरणाऱ्या संप्रेरकाची पातळी उतरते, पाय गार पडतात किंवा पांघरुणात तापतात आणि एकाच स्थितीत पडून राहिल्याने दबलेली नस आणखी दबते. शिवाय झोप मोडली की दुसऱ्या दिवशी दुखणं सोसण्याची ताकद कमी होते, म्हणजे पुढची रात्र आणखी वाईट. हे चक्र तोडायचं तर सुरुवात संध्याकाळी करावी लागते, आणि त्याही आधी थोडी पूर्वतयारी लागते.

## १. आधी दुखणं नीट ओळखा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. रात्री पाय त्रास देतात म्हणजे नसच असं नाही. खालचे तीन प्रकार नेहमी नसांच्या खात्यावर मांडले जातात.

पाय दुखत नाहीत, पण हलवल्याशिवाय राहवत नाही, उठून चाललं की लगेच बरं वाटतं आणि पडलं की पुन्हा तेच. हे "अस्वस्थ पाय" असू शकतात. यात शरीरातला लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, तपासतात. नसांसाठी दिलेली अमिट्रिप्टिलिनसारखी गोळी आणि सर्दीच्या काही गोळ्या यांनी हा त्रास उलट वाढू शकतो, म्हणून फरक कळणं महत्त्वाचं.

पोटरीत गोळा येतो, स्नायू दगडासारखा घट्ट होतो, ताणला की सुटतो. हे पेटके. यांचा उपाय वेगळा.

पाय आडवा ठेवला की दुखतो आणि खाटेवरून खाली लोंबकळत सोडला की बरं वाटतं, चालताना पोटरी भरून येते, पाऊल गार आणि फिकट दिसतं. इथे नसांपेक्षा रक्तपुरवठ्याची शंका आधी घ्यायची. मधुमेह असलेल्या आणि तंबाखू-सिगारेट घेणाऱ्यांनी हे चार दिवस घरी बघत बसू नये.

आग होणं, सुया टोचणं, करंट बसल्यासारखं वाटणं, चादरीचा नुसता स्पर्शही सहन न होणं आणि त्याच जागी बधिरपणा असणं, ही नसांच्या दुखण्याची भाषा. दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होऊन मोज्यासारखं वर चढत असेल तर मधुमेह, बी-१२ ची कमतरता, दारू, थायरॉइड, काही केमोथेरपीची औषधं ही कारणं आधी पाहतात. एकाच पायात, कंबरेपासून खाली पट्ट्यासारखं येत असेल तर सायटिका. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट रात्री झोपेतून उठवत असेल आणि हात झटकला की बरं वाटत असेल तर मनगटातली नस.

शाकाहारी असाल किंवा मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेत असाल, तर बी-१२ एकदा तपासून घ्याच. सोबत साखर आणि एचबीएवनसी (म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर), थायरॉइड, क्रिएटिनिन. क्रिएटिनिन का, ते पुढच्या टप्प्यात येईल.

आता एक साधी वही घ्या आणि आठवडाभर रोज सकाळी पाच गोष्टी लिहा: अंथरुणात किती वाजता गेलो, साधारण कधी झोप लागली, कितीदा जाग आली, शेवटचं कधी उठलो, दुखणं दहापैकी किती. रात्री घड्याळ बघून लिहायचं नाही, सकाळी अंदाजाने लिहायचं. ही वही सहाव्या टप्प्यात लागणार आहे.

इशारा: पुढच्या गोष्टींत झोपेचा विचार बाजूला ठेवा आणि त्याच वेळी रुग्णालयात जा. दोन्ही मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं किंवा लघवी तुंबणं, पाऊल उचलता न येणं, अचानक एका बाजूची ताकद जाणं. १०८ ला फोन लावा. पट्ट्यासारखं पुरळ आणि आग सुरू झाली तर ती नागीण असू शकते. तिची विषाणूविरोधी गोळी पहिल्या ७२ तासांत सुरू झालेली चांगली, त्यामुळे उतारा-मंत्रात ते तीन दिवस घालवू नका.

## २. गोळ्यांची वेळ लावा

सगळ्यात जास्त गडबड इथे होते.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांना डॉक्टरांनी रात्रीची गोळी दिलेली. विचारलं, "काका, गोळी कधी घेता?" "झोप नाही आली की घेतो." "म्हणजे किती वाजता?" "कधी बारा, कधी दीड. आणि बरं वाटलं त्या दिवशी घेतच नाही, उगाच सवय नको." मग सकाळी दहापर्यंत डोकं जड, म्हणून तीन कप चहा, आणि गोळी "लागू पडत नाही" अशी तक्रार.

नसांच्या दुखण्यावरची औषधं डोकेदुखीच्या गोळीसारखी, लागली की घ्यायची नसतात. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन ही यातली नेहमीची नावं. ती कमी मात्रेपासून हळूहळू वाढवतात आणि परिणाम दिसायला एक-दोन आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. अधूनमधून घेतली तर त्रास तेवढा पदरात पडतो, फायदा नाही.

वेळेबद्दल डॉक्टरांना नेमकं विचारा. "रात्री" म्हणजे किती वाजता?

- अमिट्रिप्टिलिन साधारण झोपण्याच्या एक-दोन तास आधी घेतात. सकाळी जडपणा राहत असेल तर तीच मात्रा आणखी लवकर घेता येईल का, हे विचारा. तोंड कोरडं पडणं आणि बद्धकोष्ठता हे तिचे नेहमीचे त्रास. काचबिंदू, प्रोस्टेट किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर गोळी सुरू होण्याआधीच सांगा.
- गॅबापेंटिनचा रक्तातला जोर दोन-तीन तासांनी येतो. अंथरुणात पडल्यावर घेतली तर पहिले दोन तास तसेच जातात. अॅसिडिटीची पांढरी-गुलाबी पातळ औषधं तिच्यासोबत घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही.
- ड्युलॉक्सेटिनने काहींची झोप उडते, तर काहींना पेंग येते. झोप उडत असेल तर ती सकाळी घेता येईल का, विचारा.
- गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर मात्रा कमी करावी लागते. तपासणी यासाठी.

दोन डॉक्टरांकडची दोन प्रिस्क्रिप्शनं ही आपल्याकडची मोठी पंचाईत. हाडांच्या डॉक्टरांनी एका नावाची कॅप्सूल दिलेली, मधुमेहाच्या डॉक्टरांनी दुसऱ्या नावाची, आणि दोन्हींत प्रीगॅबालिनच. बाजारात बी-१२ सोबत, नॉरट्रिप्टिलिनसोबत अशा मिश्र गोळ्या भरपूर आहेत. ब्रँडचं नाव सोडा, पट्टीवर बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात ते वाचा. वाचता येत नसतील तर मोबाइलने फोटो काढून मोठे करा. एकच घटक दोन पट्ट्यांवर दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांचा नसांच्या दुखण्यावर फारसा परिणाम होत नाही. रोज घेतलेल्या आयब्युप्रोफेन-डायक्लोफिनॅकने पोट आणि मूत्रपिंड मात्र बिघडतं, मधुमेह असेल तर लवकरच. "नसांना ताकद" म्हणून महिनोन्‌महिने घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत बी-६ किती आहे तेही बघा. बी-६ ची मोठी मात्रा दीर्घकाळ घेतली तर तिच्यामुळेच हातापायांना बधिरपणा येतो. औषधाने आजार वाढवायचा, वर त्याचे पैसेही मोजायचे!

इशारा: नसांच्या दुखण्यावरची ही औषधं दारू, झोपेच्या गोळ्या किंवा ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामकांसोबत स्वतःच्या मनाने घेऊ नका. श्वास मंदावू शकतो. दमा किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्यांना आणि झोपेत घोरताना श्वास अडकणाऱ्यांना धोका जास्त. आणि कुठलीही गोळी एकदम बंद करू नका, उतरवत आणावी लागते. नवी गोळी सुरू केल्यावर पहिले काही दिवस सकाळी स्कूटर काढू नका. पुण्यातल्या नगर रोडवरून अर्धवट पेंगेत जाण्यापेक्षा रिक्षा परवडते.

तपासा: रोजच्या गोळ्यांची वेळ कागदावर लिहून फ्रिजला लावली का? मोबाइलमध्ये गजर लावला का? घरातल्या आणखी एकाला ती वेळ माहीत आहे का?

## ३. संध्याकाळी पाचपासून

चहाचा विषय पुण्यात जपून काढावा लागतो. तरी सांगते. कॅफीन शरीरातून निम्मं उतरायलाच साधारण पाच-सहा तास लागतात. संध्याकाळी सहाला अमृततुल्यचा कप घेतला तर रात्री अकरालाही त्याचा बराच अंश अंगात असतो. शेवटचा चहा दुपारी तीनच्या आसपास. जमतच नसेल तर आधी कप निम्मा करा, पण रात्री जेवणानंतरचा "थोडासाच" मात्र बंदच.

दुपारची झोप घ्यायची तर तीनच्या आत, वीस-तीस मिनिटं, गजर लावून. एक ते चारची पुणेरी वामकुक्षी थट्टेत राहू द्या.

चालायचं ते संध्याकाळी. सायटिका असेल तर टेकडी चढण्यापेक्षा सपाट जागा बरी. तळपाय बधिर असतील तर अनवाणी "गवतावर चालणं" पूर्ण बंद, कारण खडा टोचलेला कळत नाही. बंद बूट घाला आणि घालण्याआधी आत हात घालून बघा.

जेवण झोपेच्या दोन-तीन तास आधी. मधुमेह असेल तर रात्रीचं उशिराचं जड जेवण, त्यावर गोड आणि मग लगेच आडवं होणं, यात साखरही चढते आणि छातीत जळजळही. पाणी दिवसभर प्या, रात्री आठनंतर घोट-घोट. रक्तदाबाच्या ज्या गोळीने लघवी जास्त होते ती संध्याकाळी असेल तर सकाळी हलवता येईल का, हे डॉक्टरांना विचारण्यासारखं आहे. दर दोन तासांनी उठवणारी गोष्ट कधी कधी एवढीच असते.

दारूबद्दल थोडक्यात: झोप लवकर लागते, पहाटे तीनला उडते, आणि नसांवर तिचा थेट वाईट परिणाम होतो.

## ४. अंथरूण दुखण्याप्रमाणे लावा

"कडक फळीवर झोप, आपोआप बरं होईल" हा सल्ला अजून फिरतो. कंबर-नितंब-खांदा सरळ रेषेत राहील इतपत घट्ट आणि टोचणार नाही इतपत मऊ, असं अंथरूण हवं. गादीत मधोमध खड्डा पडला असेल तर नवी महागडी गादी घेण्याआधी जवळच्या गादी कारखान्यात कापूस पिंजून घ्या, फरक पडतो. जमिनीवर झोपून सकाळी उठता उठता चमक येत असेल तर गुडघ्याच्या उंचीचा दिवाण बरा.

सायटिका. कुशीवर झोपा, दुखरा पाय वरच्या बाजूला, दोन्ही पायांमध्ये उशी. चूक कुठे होते? उशी फक्त गुडघ्यात ठेवतात आणि पाऊल खाली लटकतं, त्यामुळे कंबर पिळली जाते. उशी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पुरायला हवी. छोट्या दोन उशांपेक्षा एक लोड उत्तम. उताणे झोपणाऱ्यांनी तोच लोड गुडघ्यांखाली घ्यावा. पालथं झोपणं टाळा. अंथरुणात जाताना आधी काठावर बसा, मग कोपराच्या आधाराने कुशीवर व्हा आणि दोन्ही पाय एकदम वर घ्या. उठताना उलट क्रम. कंबरेतून वळून उठण्याची सवय सुटली की निम्म्या चमका सुटतात.

तळपायांची आग आणि स्पर्श न सोसणं. पांघरूण पायांवर टेकू द्यायचं नाही. ऑनलाइन खरेदीसोबत येणारा, साधारण फूटभर उंचीचा पुठ्ठ्याचा खोका घ्या. त्याचा तळ आणि एक बाजू पूर्ण कापून काढा, म्हणजे तुमच्याकडे तोंड असलेला छोटा बोगदा तयार होईल. तो पायथ्याशी ठेवा, पावलं आत सरकवा आणि गोधडी खोक्यावरून पसरा. कापलेल्या कडांना जुन्या धोतराची किंवा साडीची पट्टी चिकटवा. कुणी चौरंग ठेवतं, तो नको. त्याचे लाकडी पाय बधिर पावलाला रात्रभर लागतात आणि सकाळी फोड दिसतो. डासांसाठी पाय गुरफटून घेण्यापेक्षा मच्छरदाणी लावा.

डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा बऱ्याच रात्री दहाच्या खाली जातो आणि गारठ्याने काहींची नसदुखी वाढते. सैल, इलॅस्टिक नसलेले सुती किंवा लोकरी मोजे चालतील. मोजा काढल्यावर पायावर वळ दिसत असेल तर तो घट्ट आहे.

मनगटातली नस. झोपेत मनगट मुडपून उशीखाली जातं, हेच मुख्य कारण. सर्जिकलच्या दुकानात मनगट सरळ ठेवणारा पट्टा मिळतो, तो फक्त रात्री बांधा. आत एक बोट सरकलं पाहिजे इतका सैल. करंगळीकडे मुंग्या येत असतील तर कोपर दुमडल्याने त्रास होतो, तिथे कोपराभोवती पंचा सैलसर गुंडाळा म्हणजे हात पूर्ण दुमडणार नाही.

मानेतली नस. एकच उशी, खांदा उशीवर नाही, आणि दुखऱ्या हाताखाली आणखी एक छोटी उशी.

नागिणीनंतरची जळजळ. त्या जागेला धुवून धुवून मऊ झालेलं सुती कापड, शिवण बाहेरच्या बाजूला. कातडीवर चिकटवायच्या लिग्नोकेनच्या (बधिर करणाऱ्या औषधाच्या) पट्ट्या दिल्या असतील तर त्या १२ तास लावून १२ तास काढायच्या असतात आणि अखंड कातडीवरच लावायच्या. मिरचीच्या अर्काचं, म्हणजे कॅप्सेसिनचं मलम असेल तर लावून हात साबणाने धुवा. तोच हात डोळ्याला लागला तर झोपेचा प्रश्न त्या रात्रीपुरता निकालात निघतो.

चेहऱ्याची चमक. पंख्याचा थेट वारा चेहऱ्यावर येत असेल तर उशी दुसऱ्या टोकाला न्या. इतकं सोपं कधी कधी असतं.

आवाजाचं काय? गणपतीआधीचा ढोल-ताशाचा सराव, लग्नसराई, रस्त्याचं काम, हे शहर शांत कधीच नसतं. फोमचे बोळे आणि पंख्याचा एकसुरी आवाज यांनी बराच बचाव होतो. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला, सरकारने सूट दिलेले मोजके दिवस सोडून, कायद्याने बंदी आहे. ११२ वर तक्रार करता येते.

तपासा: अंथरुणापासून संडासापर्यंत दिवा, मोकळी वाट आणि हाताला धरायला काही आहे का? नवी गोळी सुरू असताना रात्री तोल जाऊन पडणं हा तळपायांच्या आगीपेक्षा मोठा धोका आहे. चटई, वायर, स्टूल आत्ताच हलवा.

## ५. झोपण्याआधीचा पाऊण तास

क्रम असा ठेवा.

पाय कोमट पाण्याने धुवा. पाणी पायाने तपासायचं नाही, कोपराने तपासा, किंवा बधिरपणा नसलेल्या घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा. बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे पुसा.

पायांची पाहणी. तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा. लाली, फोड, भेग, नखाजवळची सूज. जखम दिसली तर टाळाटाळ नाही, उद्या सकाळी पहिलं काम डॉक्टर.

मग तेल किंवा तूप. काशाच्या वाटीने तळवे घासण्याची आपली पद्धत चांगली आहे, कातडी अखंड असेल आणि स्पर्श सोसत असेल तर. हलक्या हाताने पाच-दहा मिनिटं, काळं होईपर्यंत घासण्याचा हट्ट नको. बोटांच्या बेचक्यात तेल-तूप नको. आणि उठायच्या आधी तळवे पुसा, तुपाच्या पायांनी फरशीवर घसरायला वेळ लागत नाही.

इशारा: बधिर पायांना गरम पाण्याची पिशवी, इलेक्ट्रिक पॅड, विटेचा शेक, हीटर यातलं काहीही नाही. "मला गरम लागतच नाही" हीच तर अडचण आहे. भाजतं आणि कळत नाही. बर्फही तसाच. आगीवर उतारा म्हणून बादलीत पाय बुडवून तासन्‌तास बसू नका, कातडी भिजून फुटते. गार पाण्याचा ओला पंचा पाच मिनिटं पुरे, मग कोरडं करा. सायटिकात कंबरेला शेक चालतो, पण तिथेही कपड्यावरून, पंधरा-वीस मिनिटं, आणि पिशवी अंथरुणातून बाहेर काढून मगच झोपा.

मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. एवढंच.

## ६. अंथरुणात कधी जायचं

इथे सल्ला उलटा वाटेल. झोप नीट नाही म्हणून माणसं लवकर पडतात. साडेनऊला पडायचं, साडेसहाला उठायचं, झोप मिळते साडेपाच तास, बाकी वेळ दुखण्याशी झटापट. महिनोन्‌महिने असं झालं की अंथरूण दिसलं तरी अंग आखडतं.

वही काढा. आठवड्यात रोज सरासरी किती झोप झाली ते मोजा. त्यात अर्धा तास मिळवा. तेवढाच वेळ सध्या अंथरुणात घालवायचा. उठण्याची वेळ पक्की करा, रविवारसकट. समजा उठायचं सहाला आणि सरासरी झोप साडेपाच तास, तर अंथरुणात बारा वाजता. तोवर बाहेर खुर्चीत, मंद दिव्यात. झोपेचा बहुतांश वेळ सलग व्हायला लागला की दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटं लवकर जा. अंथरुणातला वेळ साडेपाच तासांच्या खाली कधीच आणू नका.

पहिला आठवडा जड जातो, दिवसा डोळे मिटतात. पण झोपेच्या गोळीवाचून झोप दुरुस्त करण्याचा यापेक्षा खात्रीचा मार्ग मला माहीत नाही.

इशारा: फेफरं येत असेल, मनाच्या आजारात उन्मादाचे झटके येत असतील, किंवा चाकण-भोसरीत मशीनवर काम असेल, रोज लांब गाडी चालवत असाल, तर हा टप्पा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. हिंजवडीतल्या रात्रपाळीवाल्यांनी वेळा आपल्या पाळीप्रमाणे सरकवाव्यात, पण पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर डॉक्टरांचं पत्र नेऊन आधी पाळी स्थिर करून घ्यावी.

## ७. रात्री दोनला जाग आली तर

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल आणि घाम, थरथर, धडधड यांनी जाग आली असेल, तर आधी साखर मोजा. ७० पेक्षा कमी असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. हे नसांचं दुखणं नाही.

ते नसेल तर:

१) घड्याळ बघू नका. त्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवलेलं बरं.

२) कूस बदला, लोड-उशी पुन्हा नीट लावा, पाच-दहा श्वास सावकाश घ्या. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्या.

३) अंदाजे वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर उठा. आधी काठावर मिनिटभर बसा. या औषधांनी आणि मधुमेहाच्या नसविकारानेही उभं राहताना रक्तदाब खाली येऊ शकतो.

४) चपला घालून हॉलमध्ये चार फेऱ्या. आग होत असेल तर ओला पंचा.

५) आधीच ठरवलेल्या खुर्चीत बसा. शेजारी काय असावं तेही संध्याकाळीच ठरलेलं: शाल, पाण्याचा लहान तांब्या, जपमाळ किंवा आधी वाचलेलं पुस्तक. नवीन, उत्सुकता वाढवणारं काही नको. टीव्ही नको.

६) पापण्या जड झाल्या की परत. न झाल्या तर बसून राहा, हरकत नाही.

जास्तीची गोळी घ्यायची नाही. दोनला घेतलेली गोळी सकाळी नऊला भोवते. आणि घरच्यांशी आधीच बोलून ठेवा. दर रात्री "अहो, काय झालं? लाइट लावू का? पाय चेपून देऊ का?" यात दोघांची झोप जाते, आणि ज्याला स्पर्श सोसत नाही त्याचे पाय प्रेमाने चेपणं म्हणजे शिक्षाच. हाक मारली तरच उठायचं, असं ठरवा.

असह्य होऊन जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील तर मात्र एकट्याने बसू नका, घरच्यांना उठवा. टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रीही चालू असतो.

## ८. दोन आठवड्यांनी डॉक्टरांकडे काय न्यायचं

मधल्या काळात एका वेळी एकच गोष्ट बदला. गोळीची वेळ, उशी आणि चहा एकाच दिवशी बदललं तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. सकाळी ठरल्या वेळी उठून गॅलरीत उजेडात दहा-पंधरा मिनिटं बसणं मात्र पहिल्या दिवसापासून सुरू करा. रात्र कशीही गेली असली तरी.

दुखणं शून्यावर येईल ही अपेक्षा ठेवू नका. आठचं पाचवर आलं आणि सलग चार तास झोप लागली तर उपचार काम करतोय. दोन आठवड्यांत झोपेत काहीच फरक नसेल, बधिरपणा वर चढत असेल, हातातून वस्तू निसटत असतील किंवा घरचे म्हणत असतील की घोरताना श्वास मधेच थांबतो, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. श्वास थांबण्यासाठी झोपेची वेगळी तपासणी असते.

ओपीडीत तुमच्या वाट्याला थोडाच वेळ येतो. "रात्रभर झोपच नाही हो" याने डॉक्टरांना काहीच कळत नाही. चिठ्ठीवर तीन ओळी लिहून न्या: दुखणं कुठे आणि कसं, कोणत्या गोळीने काय झालं (चांगलं आणि वाईट दोन्ही), सरासरी झोप आधी किती आणि आता किती. वही सोबत असू द्या. आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घाला, आयुर्वेदिक, होमिओपॅथी, शेजारच्या मावशींनी दिलेल्या, सगळ्या. अर्धी कापलेली पट्टी असेल तर नाव आणि घटक असलेला तुकडा शेवटी राहील अशा बेताने गोळ्या काढत जा.